जावा, टॉमकॅट आणि युनिक्स : बसवतानाचे गैरसमज

जावा आणि त्यावर चालणारा टॉमकॅटसारखा सर्व्हर युनिक्स यंत्रावर बसवणे हे वरवर पाहता अर्ध्या तासाचे काम वाटते. दोन फाइली डाउनलोड करायच्या, उलगडायच्या, एक स्क्रिप्ट चालवायची आणि ब्राउझरमध्ये पान उघडते का ते पाहायचे. पान उघडतेही. अडचणी नंतर येतात : यंत्र रीस्टार्ट झाले की सर्व्हर उठत नाही, तो भलतेच जावा वापरतो, मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात. नवी मुंबईतल्या घणसोली गावात भाड्याच्या खोलीत राहून महापे, रबाळे किंवा ऐरोलीच्या कंपनीत सर्व्हर सांभाळण्याची पाळी करणाऱ्याला ‘माझ्याकडे तर चालतंय’ हे वाक्य नवे नसते. यांपैकी बऱ्याच अडचणी एकाच गृहीतकातून येतात. समोरच्या टर्मिनलमध्ये जे चालले तेच सर्व्हरलाही मिळाले, असे धरून चालले जाते. पुढचे गैरसमज बसवण्याच्या क्रमाने घेतले आहेत.

१. गैरसमज : जावा कुठेही चालते, म्हणून कोणताही संच कोणत्याही युनिक्सवर चालेल.

वस्तुस्थिती : कुठेही चालतो तो जावाचा संकलित प्रोग्राम, म्हणजे बाइटकोड. तो चालवणारे जावा व्हर्च्युअल मशीन मात्र प्रत्येक प्रोसेसरसाठी आणि कार्यप्रणालीसाठी वेगळे बनवावे लागते. इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरसाठीचा संच एआरएम यंत्रावर चालत नाही. अल्पाइन लिनक्समध्ये मूळ सी लायब्ररीच निराळी असल्याने तिथे नेहमीचा लिनक्स संचही अडतो. लिनक्स, आयबीएमचे एआयएक्स आणि ओरॅकलचे सोलारिस ही एकाच वळणाची असली तरी संच वेगवेगळे लागतात. सोलारिससाठीचा आधार तर जावाच्या १५व्या आवृत्तीतून, २०२० साली, काढून टाकला गेला. संच डाउनलोड करण्याआधी यंत्राचा प्रोसेसर आणि प्रणाली तपासायला एक मिनिट पुरते. टॉमकॅट स्वतः जावात लिहिलेला असल्याने त्याचा एकच संच सगळीकडे चालतो.

२. गैरसमज : जावा म्हणजे ओरॅकलचे जावा, आणि ते फुकट आहे.

वस्तुस्थिती : जावा सन मायक्रोसिस्टिम्सने १९९५ साली जाहीर केले आणि २०१० साली सनबरोबर ते ओरॅकलकडे गेले. पण त्याचा मूळ स्रोत ओपनजेडीके या नावाने मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे. त्यावरून टेमुरिन, कोरेटो, झुलू असे अनेक संच तयार होतात, आणि बहुतेक लिनक्स वितरणे आपापला संचही देतात. हे सर्व व्यावसायिक कामासाठीही विनामूल्य वापरता येतात. ओरॅकलच्या स्वतःच्या संचाचे नियम मात्र आवृत्तीनुसार बदलतात. आठव्या आवृत्तीच्या एप्रिल २०१९पासूनच्या सुधारणा व्यावसायिक वापरासाठी सशुल्क झाल्या. १७व्या आवृत्तीपासून विनामूल्य वापराला पुन्हा मुभा मिळाली, तीही ठरावीक मुदतीपुरती. जानेवारी २०२३पासून ओरॅकलची वर्गणी कंपनीतल्या एकूण कर्मचाऱ्यांच्या संख्येवर आकारली जाते, जावा किती यंत्रांवर आहे त्यावर नाही. त्यामुळे एखाद्याने सवयीने बसवलेला एक संच मोठ्या कंपनीला महागात पडू शकतो.

३. गैरसमज : सर्वांत नवे जावा टाकले की जुने सगळे आपोआप चालते.

वस्तुस्थिती : सुसंगततेचा जावाचा लौकिक चांगला आहे, पण तो संपूर्ण नाही. ११व्या आवृत्तीत एक्सएमएल हाताळणीचे काही भाग जावातून बाहेर काढले गेले आणि आठवर चालणारी कित्येक ॲप्लिकेशने तिथे अडखळली. उलट बाजूची चूक अधिक दिसते : नव्या जावावर संकलित केलेला प्रोग्राम जुन्या जावाला वाचता येत नाही. अशा वेळी लॉगमध्ये वर्ग-फाइलच्या आवृत्तीचा आकडा येतो. ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७ आणि ६५ म्हणजे २१. ‘६१ मिळाली, ५२ पर्यंतच समजते’ अशा अर्थाचा संदेश दिसला, तर प्रोग्राम १७साठी बनवला आहे आणि सर्व्हर अजून ८वर चालतो आहे, एवढे निदान जागच्या जागी होते. एका यंत्रावर अनेक जावा सुखाने नांदू शकतात, त्यामुळे नवे बसवण्यासाठी जुने काढायची गरज नसते. कोणता सर्व्हर कोणते जावा वापरणार, हे मात्र स्पष्ट लिहून ठेवावे लागते.

४. गैरसमज : ‘जावा होम’ आपल्या बॅश फाइलमध्ये लिहिले की काम झाले.

वस्तुस्थिती : सर्वाधिक वेळ खाणारा गैरसमज हाच. ‘जावा होम’ म्हणजे जावा कोणत्या डिरेक्टरीत आहे ते सांगणारे व्हेरिएबल. बॅशची ती फाइल फक्त त्या वापरकर्त्याचे शेल वाचते. यंत्र सुरू होताना सेवा उठवणारी सिस्टिमडी ही यंत्रणा ती फाइल उघडतही नाही, सर्वांसाठीची प्रोफाइल फाइलही नाही. क्रॉनमधून चालणाऱ्या कामांचेही तसेच. परिणामी टर्मिनलमध्ये आवृत्ती विचारली तर १७ असे उत्तर येते आणि सर्व्हर त्याच वेळी ११वर चालत असतो. ‘जावा होम’ न सापडल्यामुळे टॉमकॅटची स्क्रिप्ट नेहमीच्या मार्गावर जे जावा आधी हाती लागेल ते उचलते.

उपाय दोन आहेत. ‘जावा होम’ सेवेच्या युनिट फाइलमध्ये लिहावे, किंवा टॉमकॅटच्या बिन डिरेक्टरीत ‘सेटएन्व्ह’ नावाची स्क्रिप्ट करून त्यात ठेवावे. टॉमकॅट सुरू होताना ती स्वतःहून वाचतो. लिहिताना मार्ग बिनपर्यंत न देता त्याच्या वरच्या डिरेक्टरीपर्यंतच द्यायचा असतो. खरी आवृत्ती कोणती, याचे विश्वासार्ह उत्तर टर्मिनलकडे नसते, ते लॉगमध्ये असते. टॉमकॅट उठताना पहिल्या काही ओळींतच आपले ‘जावा होम’ आणि जावाची आवृत्ती छापतो.

५. गैरसमज : टॉमकॅट हा पूर्ण ॲप्लिकेशन सर्व्हर आहे आणि सगळे ॲप्लिकेशन सर्व्हर सारखेच.

वस्तुस्थिती : टॉमकॅट सनमध्ये जन्मला आणि १९९९ साली अपाचे फाउंडेशनकडे आला. तो मुख्यतः सर्व्हलेट आणि जेएसपी चालवतो. संदेशांच्या रांगा, वितरित व्यवहार, एंटरप्राइज बीन्स यांसह संपूर्ण मानक पाळणारे सर्व्हर वेगळे आहेत : वाइल्डफ्लाय, ग्लासफिश, पायारा, वेबलॉजिक, वेबस्फिअर. आणखी एक पर्याय आता रूढ आहे. स्प्रिंग बूटसारख्या चौकटीत टॉमकॅट ॲप्लिकेशनच्या आतच बांधलेला असतो आणि यंत्रावर वेगळा सर्व्हर बसवावाच लागत नाही.

आवृत्तीचा एक सापळा इथेच आहे. जावाचे एंटरप्राइज मानक ओरॅकलकडून एक्लिप्स फाउंडेशनकडे गेले तेव्हा ‘जावाएक्स’ या नावाखाली मानकात बदल करायची मुभा राहिली नाही. २०२०च्या अखेरीस पॅकेजांचे नाव ‘जकार्ता’ झाले. त्यामुळे टॉमकॅट ९वर वर्षानुवर्षे चाललेले ॲप्लिकेशन १०वर उचलून ठेवले की उठत नाही. त्यात चूक कोणाचीच नसते, फक्त ज्या नावाने वर्ग शोधला जातो ते नाव तिथे नसते. टॉमकॅट १०.१ला किमान जावा ११ लागते आणि ११व्या आवृत्तीला किमान १७. सर्व्हर आणि जावा या दोघांच्याही आवृत्त्यांत ११ हा क्रमांक असल्याने बोलण्यात गोंधळ होतो. ‘अकरा टाका’ असा निरोप आला तर कशाचे अकरा, हे विचारून घेतलेले बरे.

६. गैरसमज : परवानगीची अडचण आली की रूट म्हणून चालवावे.

वस्तुस्थिती : युनिक्सच्या परंपरेनुसार १०२४च्या खालचे पोर्ट फक्त रूटला उघडता येतात. वेबचे नेहमीचे पोर्ट, ८० आणि ४४३, त्यातच येतात. टॉमकॅट मुळात ८०८०वर उघडतो, त्याचे एक कारण हेही आहे. पण ८० मिळवण्यासाठी सगळा सर्व्हर रूटच्या हाती देणे म्हणजे देवघराच्या किल्लीसाठी तिजोरीसकट जुडगा देणे. डिसेंबर २०२१मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीतली भगदाडे उघड झाली. बाहेरून आलेल्या एका ओळीने सर्व्हरवर हवा तो प्रोग्राम चालवता येत होता. अशा वेळी घुसखोराला मिळणारे अधिकार सर्व्हर चालवणाऱ्या वापरकर्त्याइतकेच असतात. तो रूट असेल तर सारे यंत्र त्याचे.

योग्य मार्ग म्हणजे टॉमकॅटसाठी लॉगिन न करता येणारा वेगळा वापरकर्ता तयार करणे आणि ८०, ४४३ हे पोर्ट सांभाळायला समोर एनजिनएक्स किंवा अपाचे वेब सर्व्हर उभा करणे. दुसरा पर्याय म्हणजे १०२४च्या खालचे पोर्ट उघडण्यापुरती परवानगी सेवेला सिस्टिमडीमधून देणे. ‘एकदाच रूटने चालवून पाहू’ हेही टाळावे. त्या एका फेरीत लॉग आणि कामाच्या फाइली रूटच्या मालकीच्या होतात, आणि पुढच्या वेळी खरा वापरकर्ता त्यांत लिहू न शकल्याने सर्व्हर अडतो. त्यावर कोणीतरी पुन्हा रूटनेच चालवतो.

७. गैरसमज : स्टार्टअप स्क्रिप्ट चालली म्हणजे सर्व्हर बसला.

वस्तुस्थिती : ती स्क्रिप्ट सर्व्हर त्या वेळेपुरता उठवते. वीज गेली किंवा यंत्र रीस्टार्ट झाले तर त्याला पुन्हा उठवणारे कोणी नसते. त्यासाठी सिस्टिमडीची युनिट फाइल लागते. तिथेही ‘स्टार्ट’ आणि ‘एनेबल’ या दोन वेगळ्या आज्ञा आहेत : पहिली आत्ता उठवते, दुसरी प्रत्येक रीस्टार्टनंतर उठवण्याची नोंद करते. दुसरी विसरली तर ते यंत्र पहिल्यांदा रीस्टार्ट होईपर्यंत कळतही नाही. सेवा नीट थांबवल्यावरही ती ‘फेल्ड’ दिसते, याने अनेक जण घाबरतात. थांबण्याचा संदेश मिळाल्यावर जावा १४३ हा आकडा मागे ठेवून बाहेर पडते : १२८ आणि संदेशाचा क्रमांक १५. हा आकडा यशस्वी समजावा, एवढी एक ओळ युनिट फाइलमध्ये पुरते.

८. गैरसमज : हीपची कमाल मर्यादा म्हणजे जावा घेणार तेवढी सगळी मेमरी.

वस्तुस्थिती : ती मर्यादा फक्त हीपची, म्हणजे प्रोग्रामच्या वस्तू जिथे राहतात त्या जागेची. वर्गांची माहिती, धाग्यांचे स्टॅक, संकलित यंत्रकोड यांची जागा त्याबाहेर असते. ४ जीबीच्या यंत्रावर हीपलाच ४ जीबी दिले तर लिनक्सचा कर्नल जावालाच मारून टाकू शकतो, आणि जावाच्या लॉगमध्ये त्याचा मागमूस राहत नाही. तो कर्नलच्या लॉगमध्ये पाहावा लागतो. मर्यादा दिलीच नाही तर जावा साधारणपणे यंत्राच्या मेमरीचा चौथा भाग कमाल धरते.

९. गैरसमज : युनिकोडच्या काळात मराठीची वेगळी काळजी नको.

वस्तुस्थिती : १७व्या आवृत्तीपर्यंत जावा आपली मूळ अक्षरसंहिता यंत्राच्या लोकेलवरून ठरवत असे. टर्मिनलचे लोकेल बहुधा यूटीएफ-८ असते. सेवा म्हणून उठलेल्या सर्व्हरला पुष्कळदा लोकेलच मिळत नाही, आणि मग जावा साध्या आस्कीवर उतरते. पुन्हा तेच : टर्मिनलमध्ये मराठी नीट, सर्व्हरवर बिघडलेली.

‘घणसोली’ हा शब्द तपासणीला सोयीचा आहे. त्यात युनिकोडची ६ चिन्हे आहेत : घ, ण, स, ओकाराची मात्रा, ल, दीर्घ वेलांटी. यूटीएफ-८मध्ये त्यांचे १८ बाइट होतात. फाइलमध्ये बरोबर ६ प्रश्नचिन्हे दिसली तर लिहितानाच अक्षरे गेली आणि ती परत मिळणार नाहीत. १८पर्यंत विचित्र युरोपीय अक्षरांची रांग दिसली तर बाइट शाबूत आहेत, वाचणाऱ्याने चुकीची संहिता धरली आहे. रिकाम्या चौकटी दिसल्या तर मजकूर बरोबर आहे, यंत्रावर देवनागरी फाँट नाही. इतर शब्दांतली ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसली तर पीडीएफ बनवणाऱ्या लायब्ररीला देवनागरीची जुळणी येत नाही.

मार्च २०२२मधल्या जावा १८पासून फाइलींसाठी मूळ संहिता यूटीएफ-८ झाली. तरीही फाइलींची नावे आणि टर्मिनलवरचे छापणे आजही लोकेलवर अवलंबून आहे, म्हणून सेवेच्या युनिट फाइलमध्ये यूटीएफ-८ लोकेल लिहिणे नव्या आवृत्तीतही चुकत नाही.

१०. गैरसमज : ‘आयएसटी’ लिहिले की भारतीय वेळ.

वस्तुस्थिती : ही तीन अक्षरे आयर्लंड आणि इस्रायलही आपापल्या वेळेसाठी वापरतात. ‘आशिया/कोलकाता’ हे पूर्ण नाव निःसंदिग्ध आहे. क्लाउडवरची यंत्रे बहुधा जागतिक वेळेवर असतात, म्हणजे साडेपाच तास मागे. तिथे घणसोलीत १ तारखेला पहाटे ५.२९ला झालेली नोंद आदल्या महिन्यात पडते. यंत्राची वेळ नंतर दुरुस्त केली तरी चालू असलेली जावा जुनीच वेळ धरून राहते, सर्व्हर एकदा रीस्टार्ट करावा लागतो.