औषध एक, रक्त निरनिराळे

देवळाली कॅम्पात मायदेशीच्या जहाजाची प्रतीक्षा करणाऱ्या गोऱ्या सोल्जरांच्या चित्तभ्रमाला इंग्रजीत ‘डूलाली टॅप’ हे नाव देवळालीवरून आणि तापाला असलेल्या हिंदुस्तानी ‘तप’ या शब्दावरून पडले. परंतु तापांतही जो हिवताप, त्यावरील प्राइमाक्वीनची गोळी बहुतेकांना निमूट मानवत असता, एखाद्याची लघवी मात्र काळसर होते, डोळे पिवळे पडतात, आणि खापर गोळीच्या ‘उष्णते’वर किंवा डॉक्टरसाहेबांवर फुटते.

वस्तुस्थिती १९५६ साली उघड झाली. अशा रुग्णाच्या तांबड्या पेशींत जी-६-पीडी हे विकर (शरीरातील रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन) जन्मतःच उणे असते. एकाच पावसात बंगल्यांची दोन फाटके भिजतात. जाड रंगाचे टिकते, विरळ रंगाचे गंजते, तसाच हा प्रकार. याला प्रकृतीचा नाजूकपणा म्हणणे चूक. एरवी अशी माणसे बहुधा आयुष्यभर ठणठणीत असतात. मुलाकडे हा वारसा मातेकडून येतो, आणि देवळालीला हवापालटासाठी येणाऱ्या पारशी मंडळींच्या समाजात तो तुलनेने अधिक आढळतो, तथापि आडनावावरून निदान करू नये. त्यासाठी रक्ताची साधी तपासणी आहे. उणीव आढळल्यास चौदा दिवस रोज गोळी देण्याऐवजी आठवड्यातून एकदा, असे आठ आठवडे, वैद्यकीय देखरेखीखाली औषध देता येते.