चालत्या कॅरव्हॅनमध्ये मूल कुठे बसवावे?

वढू बुद्रुकला छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीच्या दर्शनासाठी जाताना पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरच्या कोरेगाव भीमाहून आत वळावे लागते. अवजड वाहनांच्या या रस्त्यावर अचानक ब्रेक लावावा लागणे नित्याचेच. अशा वेळी कॅरव्हॅनमधला पलंग किंवा सोफा ही मुलांची जागा नव्हे.

ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी धडकून थांबली, तरी आत मोकळे बसलेले मूल त्याच वेगाने पुढे फेकले जाते. हा आघात साधारण तिसऱ्या मजल्यावरून पडण्याइतका असतो. मांडीवरच्या 10 किलोच्या बाळाला त्या क्षणी धरून ठेवणे कुणालाच शक्य नसते.

म्हणून मुलाला पुढे तोंड असलेल्या, पट्टा असलेल्या आसनावरच बसवावे. आडव्या बाकावर चाइल्ड सीट बांधू नये. तान्ह्या बाळाची सीट मागे तोंड करून बसवावी. समोर एअरबॅग चालू असेल, तर ही सीट तिथे मुळीच लावू नये. थोड्या मोठ्या मुलाला बूस्टर द्यावा, म्हणजे पट्टा गळ्यावर न येता खांद्यावरून जातो. गॅस सिलिंडर, पाण्याचे कॅन, बॅगा बांधून ठेवाव्यात. मुलाला झोप आली, तरी पट्टा सोडू नये; आडवे व्हायचे असेल तर गाडी थांबवावी.

मोटार वाहन कायद्याच्या 2019 मधील दुरुस्तीनुसार 14 वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसल्यास 1,000 रुपये दंड आहे.