पडद्यावरील शब्द आणि लेखकाची साधने

संगणकाच्या वा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर जे दोन-चार शब्द वाचून आपण पुढचे पाऊल टाकतो, तेही कोणीतरी लिहिलेले असतात. ते लिहिणाऱ्यास केवळ भाषा पुरत नाही. इंग्रजी 'सेव्ह'साठी आखलेल्या बटणात 'जतन करा' मावते की नाही, हे 'फिग्मा'सारख्या आराखड्याच्या साधनात स्वतः शब्द बसवून पाहिल्यावाचून कळत नाही. मात्रा-उकारांना वरखाली जागा लागते, ती निराळीच.

लिपीची जाण मात्र मला त्याहून मोलाची वाटते. 'आचार्यांना' म्हणजे गुरूंना, 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक्यांना! ज्या अर्ध्या 'र'वर हा भेद उभा आहे, त्याची हिंदीस गरज पडत नाही. म्हणून बालाघाटसारख्या हिंदी व्यवहाराच्या जिल्ह्यात मराठी मजकूर तपासताना तोच आधी पाहावा. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ साली आली. विंडोज २००० मधील 'मंगल' हा टंक घडविणारे र. कृ. जोशी मूळचे सुलेखनकार, हे येथे लक्षात घ्यावे.

हिंदीवरून मराठी करतानाही सावध राहावे. हिंदीत 'आप करते हैं' की 'करती हैं' हे ठरवावेच लागते. मराठीत 'आपण करता' एवढ्याने स्त्री-पुरुष दोघांचेही भागते.