तेलावरच्या बॉयलरची साठ वर्षे: भाव पाहिला, भार पाहायचा राहिला

महाराष्ट्रातल्या मध्यम कारखान्यांनी गेल्या साठ वर्षांत वाफ कशी तयार केली याचा मागोवा घेतला, तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. बॉयलर घेताना आपण बहुतेक वेळा इंधनाचा त्या वर्षीचा भाव पाहिला. कारखान्याला वाफ केव्हा लागते, किती लागते आणि मागणी किती झटक्याने चढते-उतरते, हा प्रश्न मागेच राहिला. तेल परवडत होते तेव्हा जिथे तेलाची गरज नव्हती तिथेही तेलाचे बॉयलर बसले. तेल महागले तेव्हा जिथे तेलच योग्य होते तिथूनही ते काढून टाकले गेले. माझे म्हणणे असे की, तेलाचा बॉयलर बरोबर की चूक हे तेलाच्या भावापेक्षा कारखान्याच्या भाराच्या स्वरूपावर ठरते, आणि साठ वर्षांचा अनुभव याच बाजूने साक्ष देतो.

सुरुवात तेलाच्या आधीपासून करावी लागेल. मुंबई-सोलापूरच्या गिरण्यांमध्ये दगडी कोळशावरचे लँकेशायर बॉयलर होते. विल्यम फेअरबेर्नने १८४४ मध्ये इंग्लंडात आणलेली ही रचना अवाढव्य होती, विटांच्या बांधकामात बसवावी लागे आणि तापायला तासन् तास घेई. कार्यक्षमता बेताची, पण तिच्या पोटात हजारो लिटर पाणी असे. खात्यातून वाफेची मागणी एकदम वाढली तर दाब थोडा उतरे आणि त्याच तापलेल्या पाण्यातून जादा वाफ निघे. त्यामुळे फायरमनला सावरायला वेळ मिळे. पुढे मुंबईत माहुल-ट्रॉम्बेला १९५४ आणि १९५५ मध्ये दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले आणि फर्नेस ऑइल हाताशी आले. १९६६ मध्ये बेल्जियमच्या वॅन्सन कंपनीच्या सहकार्याने वॅन्सन इंडिया उभी राहिली. ती लवकरच पुण्याकडे वळली आणि १९८० मध्ये थरमॅक्स झाली. तिचे छोटे कॉइल बॉयलर आणि नंतर सर्वत्र दिसू लागलेले तीन फेऱ्यांचे पॅकेज बॉयलर यांनी एमआयडीसीतल्या लहान-मध्यम कारखान्याला पहिल्यांदाच गिरणीवाल्यासारखी स्वतःची वाफ दिली. कोळशाचा ढीग, राख, भट्टीपुढे घाम गाळणारी माणसे, यांतले काहीच लागत नव्हते. ट्रॉलीवरून आलेला बॉयलर पायावर ठेवायचा, पाणी, तेल आणि वीज जोडायची की काम सुरू.

या सोयीमागचे खरे वैशिष्ट्य बर्नरपाशी उभे राहिले की कळते. फर्नेस ऑइल थंडीत काकवीसारखे दाट होते. टाकीत गरम करून ते वाहते ठेवायचे, मग प्रीहीटरमध्ये शंभर अंशांच्या वर न्यायचे, म्हणजे नोझलमधून ते धुक्यासारखे फुटते. तापमान दहा-पंधरा अंशांनी कमी पडले तर थेंब जाड राहतात, ज्योत लाल आणि धुरकट होते, नळ्यांत काजळी धरते. नीट जमले तर एक किलो तेल तेरा-चौदा किलो वाफ देते. मुख्य म्हणजे ही ज्योत सांगितल्याबरोबर लागते आणि सांगितल्याबरोबर विझते. दाब ठरल्या आकड्यावर आला की बर्नर बंद होतो, उतरला की पुन्हा पेटतो. जाळीवर पेटलेल्या कोळशाला हे जमत नाही. तेलाचा जादा पैसा आपण खरे तर या तत्परतेसाठी मोजत होतो. पण खरेदीच्या कागदावर तत्परतेचा रकाना नव्हता. तिथे फक्त ताशी किती टन वाफ आणि किलोला किती भाव एवढेच होते.

ऑक्टोबर १९७३ नंतर हा हिशेब हादरला. पिंपाला सुमारे ३ डॉलर असलेले तेल १९७४ च्या सुरुवातीला १२ डॉलरच्या घरात गेले आणि १९७९ मध्ये दुसरा धक्का बसला. १९७८ मध्ये पीसीआरए, म्हणजे पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था आली आणि बॉयलर हाऊसमध्ये एक नवी भाषा रुजू लागली. चिमणीतल्या वायूत ऑक्सिजन किती, धूर किती अंशांवर बाहेर जातो, कंडेन्सेट परत येते का, हे प्रश्न विचारले जाऊ लागले. एक किलो फर्नेस ऑइल जाळायला सुमारे चौदा किलो हवा लागते. तिच्यावर पंधरा-वीस टक्के जादा पुरते, त्याहून अधिक दिलेली प्रत्येक किलो हवा स्वतः तापून चिमणीतून निघून जाते. धुराचे तापमान साधारण बावीस अंशांनी उतरले की कार्यक्षमता एक टक्क्याने वाढते. सात किलो दाबाच्या वाफेच्या नळीला तीन मिलिमीटरचे भोक पडले तर ताशी पंचवीसेक किलो वाफ जाते आणि अखंड चालणाऱ्या कारखान्यात वर्षाला सुमारे पंधरा हजार लिटर तेल हवेत उडते. हे शिक्षण मोलाचे होते आणि आजही त्यातला शब्द खोटा झालेला नाही. मात्र त्यात एक उणीव राहिली. कार्यक्षमता मोजली जाई ती बॉयलर पूर्ण भारावर चालवून, आणि पूर्ण भारावर वर्षभर चालणारे बॉयलर थोडेच असतात.

बॉयलर मोठाच घ्यावा, पुढे खाते वाढेल, ही आपल्याकडची रीत. तीन टनांचा बॉयलर प्रत्यक्षात ताशी पाऊण टन वाफ देतो तेव्हा काय होते, हे पाहण्यासारखे आहे. अंगावरून जाणारी उष्णता भारावर अवलंबून नसते. पूर्ण भारावर ती दीड टक्का असेल तर चौथाई भारावर सहा टक्के होते. बर्नर पुन्हा पुन्हा बंद-चालू होतो. दर वेळी पेटण्याआधी साठलेली तेलाची न जळलेली वाफ काढण्यासाठी पंखा तीस-चाळीस सेकंद गार हवा नळ्यांतून फिरवतो. सुरक्षिततेसाठी हे अटळ आहे, पण तासाला वीस वेळा झाले तर नळ्यांनी कमावलेली उष्णता हीच हवा बाहेर नेते. शिवाय फर्नेस ऑइलच्या मध्यम-दाट प्रतीत भारतीय मानकानुसार चार टक्क्यांपर्यंत गंधक चालते. थंड पडलेल्या नळ्यांवर त्याचे आम्ल जमते आणि पत्रा खाल्ला जातो. म्हणजे कागदावर पंच्याऐंशी टक्क्यांचा असलेला बॉयलर वर्षाच्या हिशेबात बराच खाली येतो. दोष तेलावर टाकला गेला, पण तो आकार निवडणाऱ्याचा होता.

१९९८ मध्ये फर्नेस ऑइलवरचे दरनियंत्रण उठले, २००२ मध्ये सारी प्रशासित दरपद्धती संपली आणि आंतरराष्ट्रीय भाव थेट बॉयलर हाऊसच्या दारात आला. जुलै २००८ मध्ये कच्चे तेल पिंपाला १४७ डॉलरवर गेले. कापड प्रक्रिया, रसायने, खाद्यपदार्थ, सगळीकडून तेलाचे बॉयलर निघाले आणि कोळसा, भुसा, उसाचे पाचट, ब्रिकेट यांवरचे बसले. जिथे भार दिवसभर सारखा होता तिथे हे अगदी योग्य झाले. पण सॉफ्ट-फ्लो मशीन चालणाऱ्या डाइंग हाऊसचे चित्र वेगळे आहे. पॉलिस्टर रंगवताना पाणी एकशे तीस अंशांपर्यंत चढवायचे असते. बॅचची बहुतेक वाफ या चढणीतच लागते आणि तापमान धरून ठेवायला फार थोडी. तीन मशीन एकदम सुरू झाली की हेडरचा दाब कोसळतो, बॉयलर पाण्यासकट वाफ उचलतो, तापमान रेंगाळते आणि कापडाच्या रंगछटेत फरक पडतो. तासाभराने मागणी उतरते, पण जाळीवरचा विस्तव उतरत नाही. दाब चढत जातो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उडून वाफ आकाशात जाते. लँकेशायरच्या पोटातला पाण्याचा साठा नाही आणि तेलाच्या ज्योतीची तत्परताही नाही, अशा दुहेरी उणिवेत तिथले घन इंधनाचे बॉयलर अडकले.

यावर पहिला आक्षेप असा की, तेल आणि घन इंधन यांच्या उष्णतेच्या भावात एवढी तफावत आहे की थोडी वाफ उडाली तरी ब्रिकेटच परवडते. सलग भारासाठी हे निर्विवाद आहे. पण तुलना करायची तर ती किलोच्या भावाची नव्हे, मशीनपर्यंत पोहोचलेल्या एक टन वाफेच्या खर्चाची करावी. ब्रिकेटचा किलो चार-पाच किलो वाफ देतो. पावसाळ्यात तो ओल धरतो आणि आधी स्वतःचेच पाणी उडवण्यात उष्णता घालवतो. पंखे, बॅग फिल्टर, गोदाम, राख, तिन्ही पाळ्यांची माणसे, उडालेली वाफ आणि पुन्हा रंगवावी लागलेली बॅच, हे सगळे त्या टनात धरले की फरक उरतो, पण पुष्कळ आटतो. दिवसात चार-सहा तासच वाफ लागणाऱ्या कारखान्यात तर कधी कधी पारडे फिरते. म्हणून सर्व भार एका इंधनावर टाकण्यापेक्षा पायाचा भार घन इंधनावर आणि वरची चढ-उतार छोट्या तेल किंवा गॅस बॉयलरवर, ही विभागणी शहाणपणाची. ती न जमल्यास स्टीम अॅक्युम्युलेटर, म्हणजे तापलेल्या पाण्यात वाफ साठवणारी टाकी, बसवावा, किंवा निदान मशीन एकामागोमाग सुरू करण्याची शिस्त ठेवावी. तिला पैसाही लागत नाही.

दुसरा आक्षेप प्रदूषणाचा आहे आणि तो अधिक वजनदार आहे. चार टक्के गंधकाचे एक टन तेल जाळले की ऐंशी किलो सल्फर डायऑक्साइड होतो आणि सुमारे तीन टन कार्बन डायऑक्साइड. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये हरियाणा, उत्तर प्रदेश आणि राजस्थानात फर्नेस ऑइल व पेटकोकवर बंदी घातली, ती या कारणाने, आणि ती रास्तच होती. मग तेलाची वकिली कशाला, असे कोणी विचारील. जिथे पाइपने नैसर्गिक गॅस पोहोचला आहे तिथे ती करू नयेच. गॅसची ज्योत तेलाइतकीच तत्पर आहे आणि तिच्यात गंधकाचा त्रास नाही. मात्र २०२२ मध्ये आयात गॅस इतका भडकला की मोरबीचे सिरॅमिक कारखाने प्रोपेनकडे वळले. गॅस आणि डिझेल जीएसटीच्या बाहेर, फर्नेस ऑइल आत, त्यामुळे कराची वजावट तेलावर मिळते आणि गॅसवर नाही, हीही अडचण आहे. दुहेरी इंधनाचा बर्नर आणि हलक्या, कमी गंधकाच्या तेलाचा राखीव साठा हा म्हणून सध्याचा समंजस मार्ग वाटतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मागणीच तपासावी. डेअरीत दूध पाश्चराइज होते बहात्तर अंशांवर, भांडी आणि नळ्या धुवायला गरम पाणी पुरते. त्यासाठी दहा किलो दाबाची वाफ कशाला? हे काम हीट पंपावर गेले तर बॉयलर लहान होतो आणि इंधनाचा वादही तेवढा लहान होतो.

कायद्याने या बाबतीत मदत केलेली नाही, कारण त्याचे काम वेगळे होते. १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलर फुटला तेव्हापासून आपले बॉयलर कायदे स्फोट टाळण्यासाठी झाले. १९२३ च्या कायद्याची जागा आता २०२५ च्या कायद्याने घेतली, तरी निरीक्षक पाहतो ते पत्रा, जोड, दाब आणि सेफ्टी व्हॉल्व्ह. बॉयलर भाराला साजेसा आहे का, हे विचारणे त्याचे काम नाही. ते काम मालकाचे आणि बॉयलर अटेंडंटचे आहे. नवा बॉयलर घेण्याआधी किमान दोन आठवडे, जमल्यास दोन ऋतूंत, दर पंधरा मिनिटांनी वाफेचा प्रवाह नोंदवावा आणि त्या आलेखावरून आकार, संख्या आणि मगच इंधन ठरवावे. मीटरचा खर्च बॉयलरच्या किमतीपुढे किरकोळ आहे. अटेंडंटला गेज ग्लास आणि ब्लोडाउन यांच्या जोडीला हा आलेख वाचायला शिकवावे आणि त्याचा पगारही त्या कौशल्याला शोभेल असा असावा, कारण चुकीच्या हवेने रोज जळणारे तेल थांबवणारा तोच पहिला माणूस आहे. इंधनाचे भाव पुढेही चढतील, उतरतील. दर वेळी भट्टी बदलणे कोणत्याच कारखान्याला परवडणार नाही. ज्याने आपला भार ओळखला आहे, त्याला प्रत्येक भावात तग धरता येईल.