हिंदमाताचं पाणी येतं कुठून?

मुंबईत पावसाने जोर धरला की पाणी भरल्याच्या बातम्यांत हिंदमाताचं नाव हमखास असतं. दादर आणि परळच्या मधला हा भाग कापडबाजारासाठी ओळखला जातो. पाणी चढू लागलं की दुकानदारांची माल वरच्या फळ्यांवर चढवण्याची धावपळ सुरू होते. मग चर्चा नालेसफाईवर येते. गाळ आणि प्लास्टिकने नाले तुंबतात, हे खरंच. पण नाले लख्ख साफ केले तरी इथलं दुखणं पुरतं बरं होणार नाही, कारण ते गाळापेक्षा जुनं आहे.

मुंबई ही भर घालून जोडलेली बेटं. अठराव्या शतकाच्या अखेरीस वरळीजवळची खाडी बांध घालून अडवली गेली, त्यालाच हॉर्नबी वेलार्ड म्हणतात. समुद्र आत येईना, तशी बेटांमधली दलदल हळूहळू भरून त्यावर वस्ती उभी राहिली. मधले भाग सखल राहिले ते राहिलेच. हिंदमाता तर बशीसारखं खोलगट आहे. चहूबाजूंचं पाणी इथे उतरतं आणि पुढे पूर्व किनाऱ्याकडे, रे रोडच्या दिशेने, जमिनीखालच्या वाहिन्यांतून जातं.

वाहिन्यांचं गणित

शहर भागातल्या पर्जन्यजल वाहिन्यांचा मूळ आराखडा ब्रिटिशकालीन. तासाला २५ मिलिमीटर पाऊस, तोही ओहोटीच्या वेळी, आणि त्यातलं निम्मं पाणी जमिनीत मुरणार, हा त्यामागचा हिशेब. तेव्हा अंगणं मातीची होती, मोकळे भूखंड होते. आज इमारतीचं आवार म्हणजे भिंतीपासून भिंतीपर्यंत काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक. म्हणूनच मुंबईच्या पर्जन्यजल निचऱ्यावरच्या १९९३च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने तासाला ५० मिलिमीटर पाऊस धरला आणि मुरण्याचा वाटा शून्य मानला. म्हणजे वाहिनीत येणारं पाणी मूळ हिशेबाच्या चौपट! त्या अहवालाचं गांभीर्य सर्वांना पटलं ते २६ जुलै २००५ला, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळल्यावर.

त्यात समुद्राची भर. शहरातली बहुतेक पातमुखं, म्हणजे नाले समुद्राला मिळतात ती तोंडं, मोठ्या भरतीच्या पातळीखाली आहेत. भरती आणि मुसळधार पाऊस एका वेळी आले की पाणी बाहेर पडत नाही, उलट समुद्रच आत शिरू पाहतो. अशा वेळी पातमुखाचे दरवाजे बंद करून पंपांनी पाणी बाहेर फेकावं लागतं. हाजीअली, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया अशी उदंचन केंद्रं त्यासाठी उभारली गेली. एकेक पंप सेकंदाला सहा हजार लिटर पाणी उपसू शकतो. पण पाणी पंपापर्यंत पोचायला हवं, आणि वाट जुन्या, अरुंद वाहिन्यांतूनच आहे.

ही अडचण ओळखून २०२१च्या सुमारास महापालिकेने वेगळा मार्ग घेतला. दादर पश्चिमेच्या प्रमोद महाजन कलापार्कखाली आणि परळच्या सेंट झेविअर्स मैदानाखाली प्रचंड टाक्या बांधल्या. हिंदमाताचं पाणी पंपाने तिकडे न्यायचं, भरती उतरेपर्यंत साठवायचं आणि मग सोडायचं. दाट वस्तीत रस्ते खणून वाहिन्या रुंद करणं जिथे जवळजवळ अशक्य, तिथे ही कल्पना मोलाची आहे. तरीही २६ मे २०२५ला, पावसाळा वेळेआधीच येऊन थडकला तेव्हा, हिंदमाताला पुन्हा पाणी भरलं.

पडेल तिथेच थोपवा

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. पाचशे चौरस मीटरच्या गच्चीवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर २५ हजार लिटर पाणी खाली येतं, दहा हजार लिटरचे अडीच टँकर. ते पन्हळीतून थेट रस्त्यावर सोडलं की इमारतीपुरता प्रश्न मिटतो आणि उतारावरच्या शेवटच्या दुकानात जाऊन उभा राहतो. हिंदमाताच्या गुडघाभर पाण्यात आजूबाजूच्या शेकडो गच्च्यांचा वाटा आहे. त्याची जबाबदारीही वाटून घ्यायला हवी.

हे पाणी तास-दोन तास थोपवलं तरी वाहिन्यांवरचा ताण ओसरतो. मात्र प्रत्येक उपाय सगळीकडे चालत नाही. भर घातलेल्या सखल जमिनीत ऐन पावसाळ्यात भूजल फार वर असतं. तिथे शोषखड्डा पाणी पिणार नाही, तिथे टाकीच हवी. थोड्या उंचावर, मुरमाड जमिनीत शोषखड्डे, झाडांभोवती मोकळी आळी, काँक्रीटऐवजी मातीची पट्टी हे सारं उपयोगी पडतं. आणि टाकी पाऊस येण्याआधी रिकामी असायला हवी. आधीच काठोकाठ भरलेली टाकी पूर अडवत नाही.

मोठी संधी पुनर्विकासात आहे. हिंदमाताशेजारीच नायगावच्या बीडीडी चाळी, १९२०च्या दशकातल्या, पाडून तिथे उंच इमारती उभ्या राहत आहेत. जुन्या दादर-परळमध्ये असे लहानमोठे प्रकल्प गल्लोगल्ली आहेत. खोदकाम चालू असताना पावसाच्या पाण्याची टाकी बांधणं सोपं; इमारत उभी राहिल्यावर महाग आणि पुष्कळदा अशक्य. एकदा हुकलेली संधी पुढची पन्नास-साठ वर्षं परत येत नाही.

म्हणून पुनर्विकासाच्या सभेत चटईक्षेत्र आणि पार्किंगइतक्याच आग्रहाने रहिवाशांनी वास्तुविशारदाला तीन प्रश्न विचारावेत. आपल्या आवारात तासाभरात किती पाणी पडेल? त्यातलं किती आपण थोपवू? उरलेलं कोणाच्या दारात जाईल? तिन्हींची उत्तरं आकड्यांत मिळाल्याशिवाय आराखड्यावर सही करू नये.