मणक्यांची सांधणी आणि तिच्यातले हाड

गेवराई तालुक्यातील उमापूर आणि भोवतालच्या खेड्यांतून दिवाळीच्या सुमारास कोयत्याची जी जोडपी पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात, त्यांच्या कण्यावर किती भार पडतो, हे डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढणारी बाई ज्याने पाहिली आहे त्याला निराळे सांगावयास नको. या मुलखात ‘गादी सरकली’, ‘मणका सरकला’ हे शब्द घरोघर ऐकू येतात, आणि ‘स्क्रू टाकले’ म्हणजे काम झाले अशी समजूतही तितकीच रूढ आहे. ही समजूत दुरुस्त होणे मला अगत्याचे वाटते. बहुतेक कंबरदुखीला शस्त्रक्रिया लागतच नाही. परंतु मणका जागेवरून खरोखर घसरला असेल, किंवा मोडल्याने वा क्षयाने ढासळला असेल, आणि शेजारचे दोन मणके कायमचे सांधण्यावाचून तरणोपाय नसेल, तेव्हा स्क्रू आणि सळ्या यांची कामगिरी मुदतीचीच असते. हाडाला हाड जडावयास सहा महिने ते वर्ष लागते, तोवर त्यांनी मणके स्थिर धरावयाचे. सांधा जुळला नाही, तर ताण सोसून सोसून धातू सैल होतो किंवा मोडतो.

१९११ साली न्यूयॉर्कच्या रसेल हिब्ज आणि फ्रेड अल्बी यांनी, क्षयाने पोखरलेल्या कण्यासाठी, ही सांधणी स्वतंत्रपणे करून दाखविली. हिब्ज यांनी मणक्यांचेच हाड वापरले, तर अल्बी यांनी रोग्याच्या नडगीची पट्टी काढून पाठीत बसविली. पुढे नडगीची जागा कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेने घेतली. तेथे छेद घेऊन छिन्नीने हाडाचे मऊ, जाळीदार तुकडे काढतात, मणक्यांचा पृष्ठभाग रक्ताचे थेंब दिसू लागेपर्यंत खरवडतात आणि त्या ओल्या जागेवर ते तुकडे दाबून बसवितात. या हाडात जिवंत पेशी असतात, अस्थिनिर्मितीला चेतविणारी द्रव्ये असतात, आणि वेलाला मांडव असावा तसा नव्या हाडाला आधारही असतो. हे तिन्ही गुण एकत्र असल्यामुळे आजही इतर सर्व पर्याय याच हाडाशी ताडून पाहिले जातात. मात्र काहींची कमरेची जखम पाठीपेक्षा अधिक काळ ठणकत राहते. म्हणून नसांवरील दाब काढताना मणक्याचे जे हाड निघते, तेच स्वच्छ करून, बारीक करून वापरण्याचा प्रघात आता सर्वत्र आहे. पुरत असेल तेथे मला तो सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

ते न पुरल्यास परक्याचे हाड. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ साली टिश्यू बँक सुरू झाली. दात्याच्या रोगांची तपासणी करून मिळालेले हाड तेथे धुऊन, गोठवून शुष्क करतात, मोहरबंद करतात आणि २५ किलोग्रे इतक्या गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. या हाडातील पेशी मृत असतात, म्हणून ते सावकाश जडते. पण रोग्याला दुसरी जखम सोसावी लागत नाही. राक्षसभुवनच्या गोदाकाठी अस्थी सोडणाऱ्या आपल्या लोकांना हाडाचे दान परके वाटावे हे मी समजू शकतो. तथापि कित्येकदा हे हाड खुब्याचा सांधा बदलताना काढलेला, एरवी टाकूनच द्यावा लागणारा गोळा असतो, हे सांगितले तर पुष्कळांचा संकोच दूर होईल.

कॅल्शियम फॉस्फेटचे कृत्रिम दाणे आधार तेवढा देतात, म्हणून ते रोग्याच्या हाडात मिसळून वापरावे लागतात. मार्शल युरिस्ट यांच्या १९६५ च्या शोधातून निपजलेले अस्थिप्रेरक प्रथिन, बीएमपी, २००२ साली अमेरिकेत कमरेच्या सांधणीसाठी मंजूर झाले. परंतु मानेत वापरल्यास गळ्याला धोकादायक सूज येते असा इशारा २००८ साली तेथील सरकारी खात्यालाच द्यावा लागला. शिवाय ते फार महाग आहे. शेत गहाण टाकून ते आणण्याआधी रोग्याने ‘माझेच हाड का चालणार नाही?’ असे डॉक्टरांना निःसंकोच विचारावे.

हाड कोणतेही असो, बिडी ओढणाऱ्याचा सांधा न जुळण्याची भीती अधिक असते. बिडी शस्त्रक्रियेच्या आधीच सोडावयास हवी. आणि ऊसतोड कामगाराच्या बाबतीत तारखेचाही विचार झाला पाहिजे. गुढीपाडव्याच्या सुमारास गावी परतल्यावर शस्त्रक्रिया झाली, तर पुढच्या हंगामापर्यंत जेमतेम सहा महिने मिळतात. तेव्हा मुकादमाकडून उचल घेण्यापूर्वी एक्स-रे किंवा सीटी स्कॅन काढून सांधा जुळला की नाही याची खात्री करून घ्यावी, आणि मोळी पुन्हा डोक्यावर घ्यावयाची की नाही, हे डॉक्टरांना त्याच भेटीत स्पष्ट विचारावे.