मळवलीला उतरलेला समुद्रतळ

डब्लिनच्या उपसागरात सूर्य मावळतोय आणि एक जहाज निघण्याच्या तयारीत उभं आहे. एडविन हेजने हे चित्र १८५३ मध्ये रंगवलं. बटाट्याचं पीक कुजलं, दुष्काळ पडला आणि लाखो आयरिश माणसं अशाच जहाजांतून देशोधडीला लागली. आपल्याकडे मात्र त्याच शतकात एक उलटीच गंमत घडली. चित्रकार घरी राहिला आणि त्याची चित्रंच बोटीत चढली.

राजा रविवर्मा कधीच परदेशी गेले नाहीत. समुद्र ओलांडला की धर्म बुडाला, असं मानणाऱ्यांचा तो काळ. त्यांची दहा चित्रं मात्र १८९३ मध्ये थेट शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात पोहोचली. विवेकानंद मुंबईहून शिकागोला निघाले, तेही त्याच वर्षी. पण मला जास्त भुरळ घालतो तो दुसरा प्रवास, जर्मनीहून मावळाकडे झालेला. तो केला दगडांनी.

तैलचित्र असतं एकच, आणि तेही राजवाड्यात. बडोद्याचे माजी दिवाण टी. माधवराव यांनी १८८४ मध्येच रविवर्म्यांना सुचवलं होतं की, निवडक चित्रं युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत प्रती काढून घ्याव्यात. दहा वर्षांनी, १८९४ मध्ये, रविवर्म्यांनी मुंबईत स्वतःचाच छापखाना काढला. शकुंतलेचा जन्म हे तिथून निघालेलं पहिलं चित्र. १८९९ मध्ये छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला आला. बोरघाटातून रेल्वे १८६३ पासूनच धावत होती, त्यामुळे अवजड सामानाला मळवली तशी सोयीची. आज त्या स्टेशनावर उतरणाऱ्यांना भाजे लेणी, लोहगड, विसापूर ठाऊक असतात. छापखान्याची चौकशी क्वचितच कोणी करतं.

आता, ही छपाई दगडावरची, म्हणजे शिळाछापाची. मग मावळात दगडाला काय तोटा? कार्ल्याचं चैत्यगृह ज्या काळ्या कातळात कोरलंय, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला लाव्हा. देखणा, टणक आणि शिळाछापाला अगदी निकामी. शिळाछापाला हवी अतिबारीक कणांची चुनखडी, जिच्यात तेलही मुरतं आणि पाणीही. तशी सर्वोत्तम चुनखडी मिळते बव्हेरियातल्या झोल्नहोफेनला. पंधरा कोटी वर्षांपूर्वी तिथे उथळ, शांत खाजण होतं आणि तळाशी चुन्याचा मऊ गाळ थरावर थर साचत गेला. पिसांचे ठसे जपलेला आर्किऑप्टेरिक्स सापडला तो याच दगडात. म्हणजे सह्याद्रीच्या लाव्ह्यावर एका जुन्या युरोपीय समुद्राचा तळ आणून मांडला गेला, आणि त्यावरून आपली लक्ष्मी-सरस्वती छापली गेली!

आलोइस झेनेफेल्डरने १७९६ च्या सुमारास शोधलेली ही युक्ती विलक्षण साधी आहे. गुळगुळीत घासलेल्या दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं, तेही उलटं, आरशात दिसतं तसं. डिंक आणि सौम्य आम्ल लावून ते पक्कं करायचं. मग दगड ओला करायचा. खडूच्या जागी पाणी ठरत नाही, कोऱ्या जागी ठरतं. वरून तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त चित्राला धरते. कुठे खोदलेलं नाही, कुठे उठाव नाही.

हे झालं एका रंगाचं. रंगीत चित्राला प्रत्येक रंगाचा वेगळा दगड लागतो, आणि एकेका चित्राला डझनभर किंवा त्याहूनही जास्त. तोच कागद तितक्या वेळा दाबाखाली जायचा, आणि केसभर सरकला तर लक्ष्मीचे ओठ हनुवटीवर! माझ्या मते इथले खरे जादूगार ते अनामिक कारागीर, ज्यांना मूळ चित्राकडे बघून त्यातला नुसता गुलाबी किंवा नुसता तपकिरी वेगळा दिसायचा. शेवटी वरून वॉर्निश, म्हणजे कागदाला तैलचित्राची झाक.

कला उत्तम, हिशोब मात्र बसेना. कर्ज वाढलं आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला छापखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. दगडांच्या मागोमाग समुद्र ओलांडून आलेला हा माणूस इथेच रमला. छायाचित्रं दगडावर उतरवण्याचं काम या छापखान्यासाठी करणाऱ्यांत एक धुंडिराज गोविंद फाळके होते. त्यांनी १९०८ मध्ये लोणावळ्यात स्वतःचा छापखाना काढला आणि १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रं आणायला ते स्वतः जर्मनीला गेले. चार वर्षांनी त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला.

मळवलीचा छापखाना १९७२ च्या आगीत जळाला. प्रती मात्र घरोघर गेल्या होत्या, देवघरात, माजघरात, दुकानाच्या गल्ल्यामागे. तुमच्याकडे एखादी असेल तर आधी खालची कड बघा, तिथे कार्ला-लोणावळ्याचं नाव छापलेलं असू शकतं. मग देवीच्या गालावर भिंग धरा. तो गव्हाळ वर्ण कुठल्याच डब्यातून आलेला नाही. पिवळे, गुलाबी, तपकिरी ठिपके शेजारी-शेजारी बसलेत आणि वर्ण तयार होतोय तो तुमच्या डोळ्यात.